ढब्बूसाठी अळणी

३ मार्च, मंगळवार

नापास! रक्तगट जुळतो, बाकी सगळं जुळतं, पण माझं ब्लडप्रेशर वाढलेलं. "अशा माणसाची किडनी आम्ही काढत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. ढब्बू बाहेर बाकावर बसला होता. माझा धाकटा भाऊ — चाळिशी उलटली, डायलिसिसनं वाळून काडी झाला, तरी नाव ढब्बूच. माझं तोंड बघून म्हणाला, "ताई, तू शाळेतही नापासच व्हायचीस." हसलो दोघं. रडण्यापेक्षा बरं.

५ मार्च

रक्ताचा रिपोर्ट आला. बाईंनी नीट समजावलं. किडनी रेनिन नावाचं एन्झाइम सोडते. अंगात मीठ कमी पडलं की ते वाढतं, रक्ताचा दाब धरून ठेवतं. मीठ भरपूर असलं की त्यानं गप्प बसायचं. "तुमचं मेलं गप्पच बसत नाही!" मग जादा मीठ बाहेर पडत नाही, पाणी साठतं, दाब चढतो.

"मग गोळी द्या की."

"आधी मीठ तोडा. तेवढ्यानं उतरलं तर पुन्हा बघू."

मीठ तोडा! आणि मी खाऱ्या बिस्किटांच्या कारखान्यात, चव बघायच्या टेबलावर! आता चावायचं नि थुंकायचं.

११ मार्च

अळणी, अळणी, अळणी. हेही हट्टानं माझ्याबरोबर अळणीच जेवतात. पहिला घास घेऊन भिंतीकडे बघत बसले. विचारलं, कसं झालंय?

"गरम आहे."

२० मार्च

गंमतच! जिभेला धार आलीय. उकडलेला बटाटा चक्क गोड लागतो. कारखान्यात मात्र पंचाईत — प्रत्येक घाण्याला माझा शेरा एकच, 'खारट'. सुपरवायझर वैतागले. "अहो बाई, खारी बिस्किटं खारटच असतात!" पॅकिंगला बसवलं मला. बरंच झालं, तिथं खिडकी आहे.

२ एप्रिल

उतरलंय! पण एकदा उतरून भागत नाही म्हणे. दंडाला यंत्र बांधून घरी पाठवलं. थोड्या थोड्या वेळानं करकचून आवळतं. पॅकिंगमधल्या बायका — "कोण गं एवढं प्रेमानं दंड धरतंय?"

९ एप्रिल

पास!! ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. ढब्बूनं माझा हात धरला. मग म्हणाला, "तुझी किडनी म्हणजे आत दिवसभर बडबड करणार." हात मात्र सोडला नाही त्यानं. घरी येऊन बॅग भरली. भीती वाटायला हवी होती, पण भूक लागली! इतकं निवांत कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

१२ एप्रिल

पहाटे फोन. ढब्बूला किडनी मिळाली — माझी नव्हे. मृत दात्याच्या किडनीसाठी दवाखान्याच्या यादीत त्याचं नाव होतं, आम्ही कधीच आशा सोडलेली. संध्याकाळपर्यंत ती कामालाही लागली! मला आधी वाटलं, मग माझी नको? लाज वाटली. नर्सला विचारलं, कुणाची होती?

"नाव नाही सांगता येत. अपघात. तुमच्याच वयाच्या होत्या. दानाच्या कागदावर भावानं सही केली."