हनुवटीवरचा दोरा

४ जानेवारी १९८२
शाहूपुरीतल्या दवाखान्याच्या पायरीवर बसूनच लिहितोय. घरी जाईस्तोवर निम्मं विसरेन. बायको, बाळाबाई, औषधाच्या रांगेत आहे.

तिच्या खालच्या हिरडीवरची जखम कॅन्सरच निघाली. ऑपरेशन सत्तावीस तारखेला. मी म्हटलं, गाठ सुपारीएवढीच आहे, म्हणजे लहानच की? डॉक्टर म्हणाले, "बाबा, नुसत्या आकारावर नसतं. जबड्यातून स्पर्श कळवणारे बारीक तंतू जातात. रोग त्यांत शिरला, तर त्यांच्या कडेकडेनं पुढं सरकतो. मग गाठ काढली तरी परत उठायची भीती जास्त."

तपासायला काढलेल्या तुकड्यात तसं दिसलं नाही. पण तुकडा एवढासा! पुरी गाठ काढल्यावरच नक्की कळेल म्हणाले.

मग तिला डोळे मिटायला लावून कापसाचं टोक हनुवटीला टेकवलं. "लागलं?" "व्हय." हनुवटी बधिर झाली, तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी आणा, असं मला दोनदा बजावलं.

५ जानेवारी
मिश्रीचा डबा शेवग्याच्या मुळाशी उपडा केला. तिला धूर सोसत नाही, म्हणून चाळीस वर्षं तव्यावर तंबाखू मीच भाजत आलो. दिवाळीत जखम चुरचुरते म्हणाली, तेव्हाही मीच सांगितलं — तिथं जरा जादा लाव, ठणका मरेल. मेला. मला बरं वाटलं होतं.

६ जानेवारी
शिलाई सोडून सहा वर्षं झाली, पण रिळं आहेत. पांढरा दोरा घेतला. टोक पिंजून मऊ केलं. तिला खिडकीशी बसवून, डोळे मिटायला लावून टेकवलं — डावीकडं, मधे, उजवीकडं. तिन्हीकडं "व्हय".

रोज करायचं.

९ जानेवारी
शेजारचा लालासाब दारातून बघत होता. "मास्तर, वैनींची मापं घेताय व्हय?"

बाळाबाई म्हणाली, "जलमभर गावाची घेतली. आता माजी बारी आली." तिघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

११ जानेवारी
कपड्याला कसर लागते ती घडीच्या कडेनं चालत जाते. वरून भोक मोहरीएवढं दिसतं. घडी उलगडली की कळतं. हेच डोक्यात फिरतंय. दोनदा तपासलं. व्हय. व्हय.

१३ जानेवारी
आक्काताई कोडोलीहून बाळंतपणाला आली. दिवस भरत आलेत. आईच्या गळ्यात पडून रडली. बाळाबाईनंच तिला गप्प केलं.

ती आत गेल्यावर मला म्हणाली, "हिची सुटका हुईस्तवर मला कुटं हलवू नगा. पयली खेप हाय लेकीची."

मी म्हटलं, तुझी हनुवटी ठरवेल ते.

"मंग ठरवू दे की तिला," म्हणाली.

१६ जानेवारी
व्हय.

१८ जानेवारी
सकाळी आंबील पिताना एक ओघळ तिच्या हनुवटीवर आला आणि तसाच वाळला. लेकीशी बोलत राहिली. मी पंच्यानं पुसला आणि खेकसलो, "ध्यान कुठं असतं तुझं?"

"लेकीकडं."

तेही खरंच. कशाला ओरडलो? मग दोरा टेकवला. तिन्हीकडं व्हय म्हणाली, विचारल्या विचारल्या. हे सगळं तारखेवार डॉक्टरांना दाखवीन. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसानं नीट राखण केली, एवढं तरी म्हणतील.

१९ जानेवारी
आक्काताईच्या कंबरेत कळ येतेय. सुईण म्हणते अजून आठवडा जाईल. बाळाबाई बोटांवर दिवस मोजत होती. मी विचारलं, कसले मोजतेस? तिनं मूठ मिटली.

२० जानेवारी
दोरा काढताना रीळ हातातून सुटलं आणि खाटेखाली गेलं. बाळाबाई खिडकीशी डोळे मिटून बसलेली. मी वाकून रीळ शोधत होतो, हात खाटेखाली. सवयीनं तोंडातून गेलं — "लागलं?"

"व्हय," म्हणाली.