नवारीचा पट्टा

मी, दुर्पता केवलराम कापगते, वय अडुसष्ट, राहणार सिंदीटोला, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. कुणाचा दबाव नाही. आज माझं डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दाखल्यावर आजची तारीख आहे. पुढच्या महिन्याचं डॉक्टर काही बोलले नाहीत.

१. राहतं घर मुलगा उमेंद्र यास. तो नोकरीनिमित्त नागपूरला असतो. सून अंजू माझ्यापाशी राहते. तिला तिच्या हयातीत या घरातून कुणी काढू नये.

२. कालव्यालगतची धानाची बांधी उमेंद्र आणि मुलगी दामिनी यांना निम्मी निम्मी.

३. शिलाई मशीन, दोन्ही कात्र्या आणि इस्त्री अंजूला. शिवण मीच तिला शिकवली. तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे.

४. नणंद फुलवंता हिला काही नाही. सासूला मी उपाशी मारलं, असं ती सोळा वर्षं सांगत फिरली. उपाशी मारलं नव्हतं. काय झालं ते लिहिते. नवऱ्यालाही हे मी सांगितलं नाही, आणि तो आता नाही.

सासूबाई सुगरता यांना शेवटी शेवटी काही आठवत नसे. दोनदा त्या इटियाडोह धरणाच्या कालव्यात गुडघाभर पाण्यात उभ्या सापडल्या. घरात हातांची लाकडी खुर्ची होती. मी तिची मापं घेतली, वर्तमानपत्रावर बेतून पाहिलं आणि पडद्याचं जाड निळं कापड आणून खोळ शिवली. पाठ, बैठक, दोन्ही हात, खाली चुण्यांची झालर. पाठीला दोन मोठी काजं ठेवून त्यांतून खाटेच्या नवारीचा पट्टा ओवला. पट्टा पोटावरून येई आणि गाठ मागे, त्यांचा हात पोचणार नाही अशी. जोडाला दुहेरी टीप मारली. शेजारणी म्हणाल्या, खोळ अगदी मापात बसली.

"कायले बांधून राहिलीस मले, दुर्पते?" त्या रोज विचारत.

"पडाल म्हणून," मी म्हणे.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत एकदा त्यांना बांधून, दाराला कडी लावून मी बांधीवर गेले. बाराला परतायचं होतं, तीन वाजले. त्या बैठकीवरून खाली घसरल्या होत्या. पट्टा गळ्याशी आला होता. नखांत निळे धागे होते. माझी टीप एकाही जागी उसवली नव्हती. मी गाठ सोडली, त्यांना खाटेवर निजवलं, पट्टा चुलीत घातला, आणि मग लोकांना हाका मारल्या. झोपेतच गेल्या, असं सांगितलं. खोळ धुऊन पेटीत ठेवली.

५. आता माझं. यंदा पोळ्याच्या सुमारास मी कालव्यावर सापडले. तिथे कशी गेले, मला सांगता येत नाही. दसऱ्याच्या साफसफाईत अंजूनं पेटी उघडली. "एवढं चांगलं कव्हर आत काऊन ठेवलं जी?" म्हणत तिनं ते खुर्चीवर चढवलं. मग पाठीवर बोट फिरवून म्हणाली, "हे दोन काज कायचे?"

"आठवत नाही," मी म्हणाले. आठवत होतं.

गेल्या सोमवारी ती टेप घेऊन आली आणि माझ्या पोटाभोवती धरली.

"झंपर शिवून राहिली काय?" मी विचारलं.

"नाही जी. तुम्ही पडू नये म्हणून." बाजारातून तिनं नवार आणली होती.

अंजू वाईट नाही. मला भरवते, माझी वेणी घालते. मीही सासूबाईंची वेणी घालत असे. हे मुद्दाम लिहून ठेवते. उद्या काही झालं, तर तिच्यावर ठपका ठेवू नये.

६. खुर्ची कुणाच्याच वाट्याला नाही, ती माझ्या सरणावर ठेवावी. खोळ आज सकाळी मी चुलीत घातली. मापं मात्र अंजूच्या वहीत आहेत.

वकील म्हणाले, मृत्युपत्र माणूस गेल्यावर चालतं, जिवंतपणी कुठे बसवू नये याची अट त्यात घालून उपयोग नाही. म्हणून इथवर लिहिलेलं सगळं मी अंजूसमोर, साक्षीदारांच्या देखत मोठ्यानं वाचलं. ती दारात उभी राहून ऐकत होती. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "समजलं जी मले. पण उद्यापासून कापणी लागते. मी बांधीवर गेली, तर तुमच्यापाशी कोण बसेल?"

साक्षीदार माझ्याकडे पाहू लागले. सातवं कलम तिच्या प्रश्नाच्या उत्तरासाठी कोरं सोडून खाली सही करते.

७.

सही: दुर्पता केवलराम कापगते

आमच्यासमोर बाईंनी हे वाचलं आणि सही केली:
१) चुन्नीलाल लंजे, शेजारी
२) प्रेमिला राऊत, शेजारीण

सिंदीटोला, ७ नोव्हेंबर २०२५