न वाचलेल्या तुकड्यातलं अक्षर

३ मार्च
आज परत आईचं रक्त काढलं. पिशवी भरेपर्यंत ती नर्सला पाण्यात श्वास कसा सोडायचा ते शिकवत होती. उठली आणि भेलकांडली. डॉक्टरीणबाई म्हणतात, लोह साठवणारं प्रथिन, फेरिटिन, फार वाढलंय, म्हणजे अंगात लोह साठलंय, रक्त काढत राहायला हवं. पण आईचा चेहरा पांढराफटक! लोह साठलेलं माणूस असं दिसतं?

तलावावर पोहायला शिकवणं तिने सोडलं. "पोरांनी गटांगळ्या खाल्ल्या तर ठीक. शिकवणारीनेच खाल्ल्या तर?" ती हसली. मला हसू आलं नाही.

५ मार्च
नवऱ्यावर उगाच डाफरले. त्याने निमूट भांडी घासली. जास्तच लाज वाटली.

९ मार्च
आईकडे जुने फोटो पाहत बसलो. ऐन तिशीत तिला जाड भिंगांचा चष्मा — मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. आजोबांनाही तसाच चष्मा. "आमच्या घरात मोतीबिंदू लवकर पिकतो," आई म्हणाली. माझा हात फोटोवरच थांबला. लवकरचा मोतीबिंदू, आणि वर फेरिटिन?

१० मार्च
प्रयोगशाळेत मी रोज ज्यावर काम करते तेच हे! जनुकाचा निरोप आरएनए घेऊन जातो. त्याच्या सुरुवातीच्या तुकड्यातून प्रथिन बनत नाही, म्हणून आईच्या आधी झालेल्या जनुक-तपासणीत तो कुणी वाचलाच नाही. पण प्रथिन किती बनवायचं ते तिथे ठरतं. लोह कमी असलं की त्या तुकड्याला एक प्रथिन चिकटतं आणि फेरिटिन बनणं थांबतं. ती चिकटायची जागाच बिघडली, तर लोह असो नसो, फेरिटिन बनतच राहणार, आणि डोळ्याच्या भिंगात साचून तरुणपणीच मोतीबिंदू होणार.

काखेत कळसा, गावाला वळसा. शेजारच्या टेबलावरच्या लंबूला सांगितलं. "मग बसलीस काय? आईला विचार आणि नमुना आण," म्हणाला.

१८ मार्च
सापडलं. त्याच जागी एक अक्षर बदललेलं. एकच! लंबूने दोनदा तपासलं, मग मला खुर्चीसकट गोल फिरवलं.

२१ मार्च
डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी माझा कागद वाचला, आईचे जुने रिपोर्ट काढून शेजारी ठेवले.

"लोह कधी जास्त नव्हतंच. आता मात्र कमी झालंय — आम्ही रक्त काढल्यामुळे. आपण इथल्या लॅबमधून खात्री करून घेऊ. तोवर रक्त काढणं बंद."

"म्हणजे मी धडधाकट होते, तुम्हीच मला आजारी केलंत?" आई म्हणाली.

"हो."

"स्पष्ट बोललात, बरं वाटलं. पोहता येतं का तुम्हाला?"

२ एप्रिल
खात्री झाली. आईला आता लोहाच्या गोळ्या! जिना चढताना पोटभर हसलो, मधल्या पायरीवर बसून.

८ जून
आई पाण्यात. गालांवर रंग, आवाज सगळ्या तलावभर. काठ धरून डॉक्टरीणबाई पाय मारतायत. "गुडघे नाही हो, मांड्या हलवा!" डॉक्टरीणबाईंच्या नाकातोंडात पाणी. मी काठावर बसून रडले, आनंदाने, वेड्यासारखी.

१४ जून
माझाही रिपोर्ट आला. माझ्यातही तेच अक्षर आहे. आणि मला दिवस गेलेत, हेही याच आठवड्यात कळलं. बाळात ते उतरण्याची शक्यता निम्मी. आईला दोन्ही सांगितलं. तिने माझं डोकं छातीशी धरलं. "चष्मा मी आणीन. रक्त मात्र कुणाला काढू द्यायचं नाही."