बिनबारशाची होडी

शनिवार, १४ फेब्रुवारी

संध्याकाळी ४.४० ला टिरेल बेमध्ये नांगर टाकला. खोली अठरा फूट, तळ वाळूचा. त्रिनिदादहून एकोणतीस तास, एकटा. बारा वर्षांनी कारियाकू, माझं बेट! कस्टमची खिडकी बंद — सोमवारी उघडेल. तोवर तपासणी बाकी असल्याचं पिवळं निशाण वर आणि मी होडीवर. नियम तो नियम.

पुतणी ओरियल वल्हवत आली. “काका, इथंच जन्मलात आणि घरी यायला शिक्का मागता?”

“सोमवारी.”

“बाबा विचारत होते, ते शीड कुणाचं. म्हटलं, तुमच्या हट्टी भावाचं.”

झेफरिनदादा. बेटावर त्याच्याइतक्या होड्या कुणी बांधल्या नाहीत — सगळ्या नजरेच्या अंदाजानं. मी पुस्तकं वाचून, कागदावर रेघा मारून शिकलो. त्यावरूनच भांडण. मी बांधलेली ही एक त्यानं पाहावी, एवढ्यासाठी आलोय.

रविवार

दुर्बिणीतून दादाचा ओटा दिसतो. खुर्ची समुद्राकडे पाठ करून मांडलीय.

सोमवार

नऊला शिक्का. धक्क्यावर ओळखीचा एकही चेहरा नाही. दादाकडे गेलो. गुडघे गेलेत त्याचे. ‘ये’ नाही, ‘बस’ नाही.

“पाण्यात कशी सोडलीस?”

“क्रेननं.”

“बोकड कापला? पाद्री होता? नाव ठेवायला धर्माचे आईबाप?”

“कुणी नव्हतं, दादा.”

“बारसं न करता पोर समुद्रात ढकललंस! मी पाय ठेवणार नाही तिच्यावर.”

म्हटलं, एक फळी सूतभरही चुकलेली नाही.

“फळ्यांचं मी विचारलंच नाही,” म्हणाला.

मंगळवार

पाव घेतला. धक्क्यापासून चर्चपर्यंत जाऊन परत. दुकानवाली म्हणाली, “पाहुणे दिसताय!” मी हो म्हणालो.

बुधवार

ओरियल कू-कू आणि मासे घेऊन आली. मक्याचं ते पीठ असं आईच शिजवायची. बोलता बोलता सांगून बसलो — होडी पाण्याला लागली आणि क्रेनवाला जेवायला निघून गेला. मी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. नको होतं सांगायला! पोरगी ताट तसंच ठेवून वल्हवत परत गेली.

उद्या सहाला निघायचं, तेही तिला सांगितलंय.

गुरुवार

६.१०. नांगर अर्धा वर. किनाऱ्यावर ढोल! अख्खी वाडी, एक बोकड, आणि ओरियलच्या नावेत पांढरा सदरा घालून दादा.

“काका, बाबा विचारतायत — नाव काय ठेवायचं?”

मागच्या फळीवरची नावाची पितळी अक्षरं मी स्वतः कापलीत. चार महिने लागले. त्यांच्यावर ताडपत्री टाकली आणि ओरडलो — अजून ठेवलंच नाही!