पहिली हळद वीराची

९ एप्रिल, गुरु.
मुरबाडच्या वाचनालयातून आणलेली कादंबरी सुटत नाय. पुठ्ठा गेलेला, पानं पिवळी. दुसऱ्या महायुद्धातली. दिनकर ब्रह्मदेशाच्या लढाईवर, यमुना गावात वाट बघते. प्रेमातसुद्धा एकमेकांना 'आपण' म्हणतात! आधी हसलो. आता मनातल्या मनात कमलला 'आपण' म्हणून बघतोय. बरं वाटतं.
आई : "कॉलेज सोडलंस तवा पुस्तक धरवत नव्हतं. ऊठ, जेव आता."

११, शनि.
जंगलातली माघार वाचली. चिखल, जळवा, दिनकरच्या खिशात यमुनेची रिबीन. काय लिहिलंय!
संध्याकाळी दोस्त नंदू जीप घेऊन आला. "कमलचं ठरलं. मंगळवारी हळद. पोरगा शहापूरचा, पर्मनंट." कॉलर धरली त्याची.
"माझ्यावर काय भडकतो? सरांवर भडकलास, घरी बसलास. आता तिच्या बापावर भडक."
क. फोन उचलत नाय.

१२, रवि.
दिनकर परत आला!! नेमका यमुनेच्या लग्नात. अख्ख्या गावातून चालतो, एक माणूस ओळख देत नाय. कुत्री तेवढी मागं सरतात. असा राग आला त्या गावाचा!
मीपण जाणार. आमच्यात नवरीची पहिली हळद वीराला. बिनलग्नाचा, गावाबाहेरच मेलेला कोणी, त्याचा शेंदरी दगड शिवेवर. नवरीने एकटीने लावायची, बायका लांब थांबतात. बोलायला तेवढीच जागा. नंदूने शिव्या घातल्या, पण जीप आणतो म्हणाला.

१४, मंगळ.
दगडाला टेकून उभा राहिलो. क. वाटी घेऊन आली.
"कमल, चल. जीप उभी आहे."
पापणी हलली नाय. वाकली, हळद लावली. माझ्या पायांना. बोटं गार.
"वीरबाबा, माझ्या मागं येऊ नको."
वळली. तिची काकू सरळ माझ्याकडे बघत होती. "दगडाला नीट लागली ना गो?"
"लागली."
दगड कोरडा होता.
नंदूच्या जीपवर थाप मारली. काच खाली केली नाय त्याने.

१५, बुध.
तिकडं लग्न. वाजंत्री इथवर ऐकू येते. पाय घासले, पिवळं जात नाय.
पुस्तक उघडलं. यमुना वाकून दिनकरच्या पायांना हळद लावते. पुढचं पान उलटवेना. मागचं परत वाचलं. परतल्यापासून कोणी त्याला जेवायला वाढलेलं नाय. हे आधी कसं दिसलं नाय?
काल सकाळपासून मलापण कोणी...
आईला हाक मारली. ती चुलीपाशी भाकरी थापतेय.
अजून एकदा मारतो.