इस्त्रीखालचा बर्फ

तुमच्या घरून फोन आला की आधी हवामान येतं, मग माणूस. तुझा बाप म्हणतो, आई, आज फार गारठलंय. तुझी आई म्हणते, आज जरा बर्फ थांबलाय. मी विचारते टिटवी कुठाय, तर म्हणतात झोपलीये, हवाच तशी आहे. दुपारी झोपलेली, संध्याकाळी झोपलेली, सकाळी अजून उठायची आहे. सबंध हिवाळा हेच चाललंय. मी काय हवेशी बोलायला फोन कानाला लावते? हात दुखतो माझा.

प्रिय टिटवे,

म्हणून शेवटी लिहायलाच बसले. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. शाळेत मी गेले ती बाकावर बसून परत आले, लिहायला शिकले ते गिऱ्हाइकांच्या कॉलरवर शाईने खुणा घालता घालता. त्यामुळे माझं अक्षर धुण्यात जात नाही, पण सरळही येत नाही. कुठे काना राहिला तर तुझा तू लाव.

गुडघे आहेत जागेवर. तू करून पाठवलेली कवळी नीट बसली, फक्त हसलं की जरा पुढे सरकते, म्हणून मी गिऱ्हाइकांसमोर हसत नाही. त्यांना वाटतं म्हातारी तिरसट आहे. वाटू दे, कपडे वेळेवर न्यायला येतात. तुमच्या दातांच्या कारखान्यात दुसऱ्या कोणी केली असती तर मी चार शब्द लिहून परत धाडली असती. तू केलीस म्हणून तोंड मिटून बसते. असं तोंड मिटवणारं माणूस जगात दुसरं नाही, याचा गर्व करू नकोस.

इथे थंडी पडली आहे. आपल्या लाँड्रीचा खरा हंगाम हाच. पावसात कपडे वाळत नाहीत, उन्हाळ्यात इस्त्रीपुढे उभं राहवत नाही, हिवाळ्यात सगळं सुतासारखं सरळ. सकाळी ओली चादर पिळताना बोटं वाकडी होतात, पण ऊन गच्चीवर चढलं की जेवायच्या आत चादरी कडकडीत. आमची थंडी पाहुण्यासारखी आहे. लवकर येते, चहा पिते आणि पान मांडायच्या आत निघून जाते. असे पाहुणे मला चालतात. शेजारचा शिंपी माकडटोपी चढवून रोज सकाळी येतो आणि विचारतो, माझी टेप इथे राहिली का हो? टेप त्याच्या गळ्यात असते. कोळशाच्या इस्त्रीवर हात शेकून झाले की त्याची त्याला सापडते.

माझ्या थोरल्या बहिणीकडे, समुद्राकाठी, थंडी ही नुसती अफवा आहे. पंखा एका आकड्याने कमी केला की ती शाल घेऊन बसते आणि म्हणते, यंदा गारठा भारी. मी गेले होते तेव्हा ती शाल हातात घेतली तर दमट. तिकडे कपडा वाळत नाही, वाळला असं समजून घालायचा असतो. आठ दिवसांत माझी चिडचिड व्हायला लागली. ती म्हणाली, तुला सुख बोचतं. मी म्हटलं, बोचत नाही, चिकटतं.

तुमच्याकडची थंडी मात्र घरमालकीण. घर तिचं, तुम्ही भाडेकरू. खिडकी तिला विचारून उघडायची, दार तिला विचारून लावायचं. खोटं का सांगू, मी तुमच्याकडे राहायला आले होते तेव्हा मला गारठ्याचं फारसं काही वाटलं नाही. अंगावर इतके थर चढवले होते की मी आत कुठे आहे ते मलाच सापडत नव्हतं. खटकला तो उजेड. दुपारच्या चहाचं आधण ठेवायला जावं तर खिडकीत संध्याकाळ येऊन उभी. आणि बर्फ पडताना आवाज करत नाही, ही मला लबाडी वाटते. पाऊस निदान पत्र्यावर वाजून कळवतो. तुमच्याकडे सकाळी बघावं तर रस्ता गायब, आणि कोणी काही केलं नाही असा सगळ्यांचा चेहरा.

ती पँटची गोष्ट तू विसरली नसशील. मशिनमध्ये वाळवलेल्या कपड्यांचा मला वास येतो, म्हणून मी तुमच्या बाल्कनीत दोरी बांधली. तुझी आई म्हणाली, आई, इथे बाहेर नका घालू. मी म्हटलं, माझी हयात दोरीखाली गेली, मला शिकवतेस? जेवणं झाल्यावर बघते तर तुझ्या बापाची पँट फळीसारखी ताठ. बोटाने टिचकी मारली तर वाजली. आता ताठ कपडा म्हटलं की मला एकच कळतं, खळ जास्त झाली. म्हटलं, सुनेने मशिनमध्ये काहीतरी ओतलं असणार. खळ जास्त झाली की उपाय ठरलेला, वर पाणी शिंपडायचं आणि इस्त्री चांगली तापवून दाबायची. तेच केलं. आधी चर्र झालं, मग टेबलावरून पाण्याचे ओघळ, मग इस्त्रीने ठिणगी उडवली आणि घरभर अंधार. बाकीचे कपडे मी आपले भिंतीला टेकवून उभे केले होते, नंबर लागेल तसे घ्यावे म्हणून. तुझा बाप कामावरून आला तो अंधारात चाचपडत स्वतःच्या पायजम्यावर आपटला आणि त्याला म्हणाला, माफ करा, दिसलं नाही.

तू जमिनीवर बसून हसलीस. पोट धरून. तुझ्या बापाला माझा राग आला होता, पण तुझ्याकडे बघून त्याने तो गिळला. सगळ्यांनी गिळला. मेणबत्ती शोधायचं कोणाला सुचलं नाही, तू हसतेस तोवर सगळे उभेच राहिले. तेव्हाच माझ्या डोक्यात आलं, की या घरात बऱ्याच दिवसांत हिला कोणी हसताना पाहिलेलं नाही.

एरवी तू खिडकीला पाठ करून बसायचीस. डॉक्टरणीने उन्हाऐवजी दिलेला तो पांढरा दिवा समोर लावलेला, आणि तू बघणार भिंतीकडे. केसांना फणी नाही. लहानपणी तुझी बडबड बंद व्हावी म्हणून आम्ही तुला पाणी आणायला पाठवायचो, त्या बडबडीवरूनच तर टिटवी नाव पडलं. आणि आता मीठ दे म्हणायलाही तुला धाप लागत होती. मी विचारलं, हिला काय झालंय? तुझी आई घाईघाईने म्हणाली, इथे पुष्कळांना होतं, बर्फ वितळला की जातं. बर्फ वितळला, तू उठलीस, कामाला लागलीस, आणि मी परत आले. मलाही पटलं की हवाच असेल. हवेचं बरं असतं. तिच्यावर काहीही ढकला, ती उलटून बोलत नाही.

इकडची आणखी बातमी म्हणजे मला आता कॉलरवरच्या खुणा दिसत नाहीत. परवा मास्तरांचे सदरे खाटकाकडे गेले. खाटीक अंगाने दुप्पट. त्याने एक घालून बघितला. आता तो सदरा मास्तरांचा राहिला नाही, खाटकाचा झाला नाही, आणि दोघेही माझ्याशी बोलत नाहीत.

आता लिहायचं कारण. गेल्या खेपेला तुझी आई फोनवर रडली. म्हणाली, पोरगी कामावर जायची बंद झाली, ताट दाराशी ठेवते ते तसंच परत येतं, आणि आई, आता मला तिची भीती वाटते. पोरीची भीती वाटते म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. कळलं. तर तू निघून माझ्याकडे ये. तुझ्या बापाशी बोलले आहे, तो तुला आणून सोडील आणि दोन दिवसांत परत जाईल, मला इथे त्याची लुडबुड नको. डॉक्टरणीला विचारून निघ, ती देईल त्या गोळ्या घेऊन ये, माझ्या शब्दावर एकही बंद करू नकोस, मी लाँड्रीवाली आहे. आमच्या उन्हाने तू बरी होशील असं मी म्हणत नाही. ऊन काही औषध नव्हे, पण इथे पुष्कळ पडलंय. दुकानामागच्या खोलीत खाट आहे, इस्त्रीची ऊब तिथवर येते. सकाळी मी तुला उठवीन, कारण दुकान उघडायचं असतं. तू कॉलरवर खुणा घालायच्यास. बारीक काम आहे, तुझी बोटं दातांवर बसलेली आहेत, जमेल. नाही जमलं तर नुसती बाकावर बस. काय झालंय म्हणून कोणी विचारणार नाही. शिंपी विचारील, त्याला मी बघते. यायचं नसेल तर नको म्हण, मला राग येईल आणि उतरेल. पण येते की नाही, हे तू सांगायचंस. तुझ्या बापाचं उत्तर आलं तर ते आलंच नाही असं मी धरीन, आणि आईचं आलं तर परत धाडीन. एक शब्द लिही, वाकडा लिही, नाहीतर फोनवर पुटपुट, पण उत्तर तूच द्यायचंस.

तुझीच,
आजी