काकांच्या विमानातले गेज

३ फेब्रुवारी

"मॅडम, विमान सुरू होतं, पण मीटरच्या जागी नुसती काळी भोकं!" – क्रेनवाल्या काकांचा पुन्हा निरोप. सिम्युलेटर खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर त्यांनी विचारलं होतं. कोणीच उत्तर देईना, म्हणून मी दिलं. काकांनी सत्तरी ओलांडलेली. आयुष्यभर बंदरावर क्रेन चालवली, आता घरी कॉम्प्युटरवर विमान चालवतात. "उंच बसायची सवय जात नाही हो!" कुणा हौशी माणसानं बनवलेलं जुनं मालवाहू विमान त्यांनी डाउनलोड केलंय. माझ्याकडेही तेच आहे.

उद्या फोनवर बोलायचं ठरलं. भाऊ सोडून मी फोनवर शेवटचं कोणाशी बोलले? आठवेना.

४ फेब्रुवारी

"थांबा, चष्मा घेतो." मग बराच वेळ खुडबुड.

कारण सापडलं. नवं विमान पहिल्यांदा उघडलं की सिम्युलेटर प्रत्येक गेजबद्दल, म्हणजे मीटरबद्दल, विचारतो – यावर विश्वास ठेवायचा का? काकांनी सरसकट 'नाही' दाबलेलं! "अनोळखी माणसाला मी दारात उभं करत नाही, बाई." एकदा 'नाही' म्हटलं की सिम्युलेटर ते धरून बसतो, परत विचारतच नाही. ती नोंद पुसायला लावली. या वेळी सगळ्यांना 'होय'. वेग, उंची, होकायंत्र – एकेक उजळत गेलं. ते प्रत्येकाचं नाव मोठ्यानं घेत होते. इंधनाचे दोन तेवढे राहिले.

मागून सून ओरडली, "बाबा, विमान उतरवा, जेवण निवतंय!"

"धावपट्टी दिसत नाही अजून!"

मोठ्यानं हसले मी. फोन ठेवल्यावर स्वतःच्याच हसण्याचं जरा नवल वाटलं. मग फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला.

७ फेब्रुवारी

दिवसभर बाजारात वजनकाटे तपासले. मी दुकानात शिरले की आतलं बोलणं थांबतं. इतक्या वर्षांत त्याची सवय व्हायला हवी होती.

८ फेब्रुवारी

इंधनाचे गेज आले. फोल्डरच्या आत त्याच नावाचा दुसरा फोल्डर, आणि फाइल तिथे आत जाऊन बसलेली. मला ते लगेच कळलं होतं. सांगायला वेळ लावावा, असं क्षणभर वाटलं. लावला नाही. काटा चुकीचा आहे हे माहीत असून तो चालू द्यायचा – नाही जमत मला.

म्हणजे आता सगळे गेज दिसतात. फोन करायला कारण उरलं नाही.

१० फेब्रुवारी

भावाचा फोन. "ताई, खोट्या विमानाची खोटी मीटरं! अगं, जरा खऱ्या माणसांत जा. ये की एखाद्या रविवारी जेवायला." येते म्हटलं. कोणत्या रविवारी ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

१३ फेब्रुवारी

काकांना सहज फोन करावा का? सहज म्हणजे काय म्हणायचं? "कसे आहात?" – आणि त्यांनी "बरा आहे" म्हटल्यावर पुढे?

केला नाही.

१५ फेब्रुवारी

त्यांचाच आला! उंचीचा गेज गायब. "काल होता हो, शप्पथ!" फाइल पुन्हा पाठवली, जागेवर ठेवायला लावली. मग अर्धा तास बंदरावरच्या गप्पा. क्रेनच्या केबिनमध्ये दिवसभर एकटं बसायचं, खाली माणसं मुंग्यांएवढी. "तेव्हा एकटं नाही वाटायचं, बाई. आता घर भरलेलं आहे, पण सगळे आपापल्या घाईत." मी फाइल नीट बसली का, तेच परत विचारलं. दुसरं काही बोलायला हवं होतं.

१८ फेब्रुवारी

परवा काकांचा पुन्हा फोन – आता होकायंत्र गायब. हे काही बरोबर नाही. नीट बसलेला गेज आपोआप उठून जात नाही. मीच काही चुकीचं सांगितलं का? दोन संध्याकाळी माझं विमान उलगडून प्रत्येक फाइल पडताळली. चूक सापडत नाही. आपली चूक असेल आणि ती आपल्यालाच दिसत नसेल, याच्याइतकं वाईट काही नाही.

२१ फेब्रुवारी

काकांकडून स्क्रीनचा फोटो मागवला. सुनेनं काढून पाठवला. होकायंत्राच्या जागी काळं भोक – खरंच. पण स्क्रीनवरची विमानाची विंडो छोटी केलेली, तिच्या मागे एक फोल्डर उघडा राहिलाय. त्यात होकायंत्राची फाइल! फोल्डरचं नाव – 'बाईंना विचारायचे'.

म्हणजे स्वतःच काढून ठेवतात.

आधी राग आला. दोन संध्याकाळी मी स्वतःला दोष देत बसले होते! दुकानदार असता तर तिथल्या तिथे काटा जप्त केला असता. मग ते नाव परत वाचलं. टाइप करताना एकेक अक्षर शोधत बसले असतील.

कळलं म्हणून सांगितलं, तर शरमेनं परत फोन करायचे नाहीत. नाही सांगितलं, तर मी खोट्यात सामील. अजून उत्तर दिलेलं नाही.

२२ फेब्रुवारी

ऑफिसातून आल्यावर माझ्या विमानातली इंधनाची फाइल उचलून डेस्कटॉपवर ठेवली. कॉकपिटमध्ये दोन काळी भोकं. फोन लावला.

"काका, माझे इंधनाचे मीटर दिसेनासे झालेत हो. काय करू?"

पलीकडे खुर्ची सरकली. मग – "थांबा हं, चष्मा घेतो."